काचेवरून उतरवलेला नकाशा

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आमचं गाव पेणच्या खाडीकडचं. मिठागरावर संध्याकाळी मागून हाक आली तर ओ देऊ नये, अमुक बांधावर एकटीने थांबू नये, हे ऐकतच मी मोठी झाले. पण त्याच बांधावर बसून मी दहावी-बारावीचा अभ्यास केला आणि मला कोणी हाक मारली नाही... आई जेवायला बोलवायची तेवढीच. त्यामुळे या सदरातले अनुभव वाचताना मी मनात म्हणायचे, की बघणाऱ्याला काहीतरी भास झाला असेल. आता मीच लिहायला बसले आहे आणि कसं सांगावं तेच कळत नाही. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी आता टी.वाय.बी.एस्सी.ला आहे, रोह्याला. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. राहते मावशीकडे. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. तिला मूलबाळ नाही. तिचे यजमान, म्हणजे माझे काका, धाटावच्या एका कंपनीत ड्राफ्ट्समन होते. मी रोह्याला राहायला आले त्याच्या आदल्या वर्षी ते झोपेतच गेले. मला ते लग्नाकार्यात दिसायचे तेवढेच आठवतात – गळ्यात तुळशीची माळ, खिशाला पेन आणि कोणी काही विचारलं की आधी थोडं हसणार, मग बोलणार.

काकांनी कंपनीतून सुटल्यावर लोकांच्या घरांचे प्लॅन काढून देण्यासाठी एक कॉम्प्युटर घेतला होता. त्यात त्यांनी हौसेने एक चांगलं ग्राफिक्स कार्ड बसवून घेतलं होतं, ड्रॉइंगच्या रेषा स्वच्छ दिसाव्यात म्हणून. काका गेल्यावर तो कोणी सुरूच केला नाही. मावशीने त्यावर क्रोशाचा रुमाल टाकून दिवा-उदबत्तीच्या शेजारी ठेवला होता, जणू तोही देवच. मी पुढच्या उन्हाळ्यात तो लावून पाहिला तर आतून नुसता खडखड आवाज. हार्ड डिस्क गेली होती.

आणि इथेच मावशीचं सगळं अडलं होतं.

रोह्याजवळच्या वरसे गावात काकांनी आणि त्यांच्या धाकट्या भावाने, विलासकाकांनी, मिळून एक जागा घेतली होती. विहीर असलेली. त्यावर बांधायच्या घराचा प्लॅन काकांनी कॉम्प्युटरवर काढला होता, असं मावशी म्हणायची. "मना म्हनालं व्हतं, छापून आणतो मग बघ. त्यात तुझ्यासाठी एक गोष्ट हाय." छापायचं राहून गेलं. ती गोष्ट कुठली तेही त्यांनी सांगितलं नाही.

विलासकाकांचं म्हणणं होतं की जागेवर एका ओळीत खोल्या बांधाव्यात आणि कंपनीतल्या पोरांना भाड्याने द्याव्यात. मावशीने त्यातल्या एका खोलीत राहावं. माणूस वाईट नाही हो. शिफ्ट सुटली की आधी मावशीकडे डोकावून, पाणी आलं का, गॅस आहे का विचारून मग घरी जाणारे. पण नकाशाचा विषय निघाला की म्हणायचे, "वहिनी, भाऊचा शब्द मी कधी मोडलाय? त्याचा प्लॅन दाखवा, मी सोताच्या हाताने पाया खणतो. पण प्लॅन हाय कुठं? त्या डब्यात?" आणि डब्यातून तर नुसता खडखडाट. अक्षय तृतीयेला मिस्त्री येऊन आखणी करणार होता. त्याच्या आत नकाशा मिळाला तर मावशीचं घर, नाहीतर चाळ.

मी ती हार्ड डिस्क पेणला नेली. पेणच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये फैयाजभाई शिकवतात. आमच्या शेजारच्या गावचेच. त्यांनी ती कानाला लावून हलवली, पनवेलच्या ओळखीच्या माणसाकडे पाठवली, परत आली तेव्हा म्हणाले, "सुजाता, हिच्यातनं काय निघणार नाय. हिचा विषय सोड." मग माझा चेहरा बघून त्यांनी क्लासमध्ये पडलेली एक नवी, कोरी हार्ड डिस्क मला दिली आणि एका मासिकासोबत आलेली लिनक्सची सीडी. "मशीन तरी चालू कर. शिकशील."

मी मावशीला खरं ते सांगितलं. की कॉम्प्युटर चालू होईल, पण काकांचा नकाशा त्यात नसेल. डिस्क नवी आहे, तिच्यावर काकांचं काहीच नाही.

"पण डबा तोच ना?" मावशी म्हणाली.

"डबा तोच. कार्ड आणि मॉनिटर पण तेच. पण लक्षात ठेवायचं काम डिस्कचं असतं, मावशी."

"बरं," ती म्हणाली आणि कैऱ्या चिरायला बसली. तिला पटलं नव्हतं.

लिनक्स चढलं. पण काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, एवढंच. चित्रं, खिडक्या, माउस, काही नाही. कारण काकांचं ते कार्ड लिनक्सला ओळखताच येत नव्हतं. ड्रायव्हर म्हणजे बाकीचा कॉम्प्युटर आणि कार्ड यांच्यातला दुभाष्या. तो नसेल तर दोघं एकमेकांकडे नुसते बघत बसतात. फैयाजभाईंनी इंटरनेटवर शोधलं तर कळलं की काही लोकांनी त्या कार्डासाठी नवीन ड्रायव्हर लिहिला आहे, अजून पूर्ण झालेला नाही, पण फुकट वाटताहेत. सगळ्या कोडसकट. फोनच्या लाइनवरून ते उतरवून घ्यायला त्यांची अख्खी दुपार गेली. मग तुकडे करून फ्लॉपींवर भरून दिलं. मी फ्लॉपी डब्यात, डबा ओढणीत गुंडाळून एसटीने रोह्याला आणल्या. वडखळला गाडी थांबली तेव्हा शेजारच्या बाई म्हणाल्या, "काय गो, डब्यात मिठाई हाय का?" मी म्हटलं ड्रायव्हर आहे. त्यांनी आधी माझ्याकडे आणि मग एसटीच्या ड्रायव्हरकडे पाहिलं.

घरी आल्यावर कळलं की एक फ्लॉपी खराब आहे. पुन्हा पेण, पुन्हा रोहा.

त्या ड्रायव्हरसोबत 'रीड मी', म्हणजे 'मला वाचा' नावाची एक फाइल होती. ती मी डिक्शनरी घेऊन वाचली. त्यात लिहिलं होतं की कार्ड बनवणाऱ्यांनी आम्हाला त्याच्या आतली माहिती दिली नाही. म्हणून आम्ही एकेक आकडा बदलून, पडद्यावर काय होतं ते बघून हे लिहिलं आहे. काही चुकेलही. चाललं तर कळवा, नाही चाललं तरी कळवा. खाली नावं होती. कुठल्या कुठल्या देशांतली, काही नावं तर मला वाचता पण येईनात. एकाने लिहिलं होतं की त्याच्याकडे हे कार्डच नाही, त्याने मित्राला फोनवर विचारून विचारून आपला भाग लिहिला.

मी बराच वेळ त्या नावांकडे बघत बसले. आमच्याकडे उधाणाने खाडीच्या बांधाला खांड पडली की ज्याची शेतं आत आहेत तो तर धावतोच, पण ज्याचा एक वाफा नाही तोही चिखलाची ढेकळं घेऊन येतो. माझे वडील मिठागरावर मजुरी करतात, आमची शेती नाही, पण खांड बुजवायला ते कधी मागे राहिले नाहीत. मी लहानपणी विचारलं होतं, आपलं काय जातंय? ते म्हणाले, "पानी विचारून येतं काय?" या माणसांनी मला कधी पाहिलेलं नाही, रोहा त्यांना नकाशावर सापडणार नाही. तरी त्यांनी माझ्या काकांच्या कार्डासाठी एवढं केलं. मला खरंच भरून आलं. हे असं लिहिलं की वेडेपणा वाटतो, पण तसं झालं.

तो दिवस शुक्रवार होता. शुक्रवारी आमच्याकडे दुपारनंतर लाइट जाते, म्हणून मी सकाळीच ड्रायव्हर कंपाइल करायला लावला, म्हणजे ते लिहिलेलं कोड मशीनला चालवता येईल असं करून घ्यायला. पडद्यावर ओळी सरकत होत्या. मावशी अंगणात कैरीच्या फोडींना मीठ लावून उन्हात घालत होती. मधून मधून दारातून विचारायची, "झाला का गो?"

"नाही अजून."

"भात शिजंल एवढ्यात."

दुपारी ते संपलं. एक धोका होता. मॉनिटरचे आकडे चुकीचे दिले तर तो जळू शकतो, असं त्या फाइलमध्ये ठळक लिहिलं होतं. काकांच्या मॉनिटरवरचं लेबल पुसलं गेलं होतं. फैयाजभाईंनी अंदाजाने जपून आकडे दिले होते आणि सांगितलं होतं, "शिट्टीसारखा आवाज आला तर लगेच बटण बंद." मी एक हात बटणावर ठेवला आणि दुसऱ्या हाताने 'स्टार्टएक्स' टाइप केलं, म्हणजे खिडक्या-चित्रांचा पडदा सुरू करायची आज्ञा दिली.

मॉनिटर टक् करून वाजला. पडदा काळा. मग रंगीत पट्टे आले, वरून खाली, हिरवे-जांभळे. हे मला माहीत होतं, ड्रायव्हर नवा असला की कचरा दिसतो असं फैयाजभाई म्हणाले होते. पट्टे गेले.

आणि काळ्या पडद्यावर एक घर आलं.

म्हणजे घराचा नकाशा. बारीक रेषा – भिंती पांढऱ्या, दारं-खिडक्या पिवळ्या, मापं हिरव्या आकड्यांत. बाजूला विहीर, दोन गोल आणि मध्ये फुली. काका विहीर तशीच काढायचे. त्यांच्या जुन्या छापलेल्या प्लॅनची गुंडाळी कपाटावर होती, त्यात मी पाहिलं होतं. फक्त एक होतं, चित्र सरकलेलं होतं. डावीकडची एक उभी पट्टी तुटून उजवीकडच्या टोकाला गेली होती, जसं कॅलेंडर फाडून उलटं चिकटवावं तसं.

मी माउस हलवला. काही नाही. कीबोर्डवरचं नम लॉक दाबलं, त्याचा दिवा लागेना की विझेना. फैयाजभाईंनी शिकवलं होतं, तो दिवा हलला नाही की समजायचं मशीन अडकलं. काही सेव्ह करणं, कॉपी करणं शक्य नव्हतं. बंद केलं तर चित्र जाणार. आणि शुक्रवार.

"मावशी!" मी एवढ्या जोरात ओरडले की ती मिठाचे हात तसेच घेऊन आली.

"काय झाला? जळला काय?"

मी नुसतं बोट दाखवलं. तिला नकाशा वाचता येत नाही. ती पडद्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. "ह्यांचा?"

"माहीत नाही... विहीर त्यांच्यासारखी आहे."

मग काय करावं हे मला सुचलं नसतं. मावशीलाच सुचलं. तिने हात पदराला पुसले, कपाटावरची गुंडाळी खाली काढली आणि तिच्या आतून काकांचा बटर पेपर ओढला. नकाशा खाली ठेवून वरून रेषा उतरवायला ड्राफ्ट्समन लोक वापरतात तो, पारदर्शक. "हे असाच करायचं. काचेखाली दिवा लावून."

आमच्या पुढ्यात तर काच आणि दिवा दोन्ही होते. मी बटर पेपर मॉनिटरवर चिकटपट्टीने लावला आणि काकांच्या पेन्सिलीने रेषा उतरवायला लागले. काच फुगीर, कागद सरकायचा. मावशीने दोन्ही हातांनी त्याचे कोपरे धरून ठेवले, तिच्या बोटांना कैरीचा वास. आधी भिंती. मग दारं. मग आकडे. मी हळूच वाचत होते, ती ऐकत होती. "ही बाहेरची ओटी... हे देवघर... हे स्वयंपाकघर, याला पूर्वेला खिडकी..."

"वाच वाच. थांबू नको."

शेवटचे आकडे उतरवून होताहोता पंखा मंद झाला. मॉनिटरवरचं घर आक्रसलं, एक पांढरा ठिपका झालं आणि गेलं. लाइट गेली होती. मावशी कागदाचे कोपरे तसेच धरून उभी. "झाला ना?" तिने विचारलं. मी म्हटलं, झालं.

सरकलेली पट्टी मी कात्रीने कापून दुसऱ्या बाजूला जोडली. रेषेला रेष लागली. मग घराचा नीट अंदाज आला आणि मला एक चूक दिसली. स्वयंपाकघराच्या मागे, पूर्वेच्या कोपऱ्याला एक एवढीशी खोली होती. आत ओटा, भांडी घासायची मोरी, मोरीला बाहेर जाणारा पाइप. पण त्या खोलीला घरातून दारच नव्हतं. मधली भिंत सलग. दार होतं ते फक्त बाहेर, परसात. म्हणजे घरातल्या माणसाला तिथे जायचं तर अंगणातून वळसा घालून जायचं. मला वाटलं, उतरवताना माझ्याकडूनच एखादी पिवळी रेष राहिली.

संध्याकाळी लाइट आल्यावर मी पुन्हा स्टार्टएक्स केलं. या वेळी ड्रायव्हर व्यवस्थित चालला. राखाडी विणलेल्या कापडासारखा पडदा आणि मध्ये छोटी काळी फुली, माउसची. तिला हलवलं की हलते. पहिल्यांदा काही दिसलं आणि मी आनंदात असायला हवं होतं... पण मी बंद-चालू, बंद-चालू करत राहिले. घर पुन्हा आलं नाही.

दुसऱ्या दिवशी विलासकाका शिफ्ट सुटल्यावर आले. मी नकाशा पुढे ठेवला आणि जे झालं ते सांगितलं. त्यांनी तो खूप वेळ पाहिला. मग माझ्याकडे पाहून हसले.

"सुजे, मावशीवर तुझी माया हाय, चांगलं हाय. पण हे तूच काढलंस."

"नाही हो काका. मला ड्रॉइंग कुठं येतं?"

"तेच सांगतोय, तुला येत नाय. ही खोली बघ. आत जायला दार नाय! भाऊने आयुष्यात असली चूक केली नव्हती. स्वयंपाकघराला लागून मोरी-ओटा काढायचा आणि दार ठेवायचं नाय? हे कालेजचं काम." ते वाईट बोलत नव्हते, चेष्टाच करत होते. पण माझे कान तापले. मी मूळ बटर पेपर उजेडाला धरला. भिंत सलगच होती. मी खोडलेलं वगैरे काही नव्हतं.

"कुठं हाय ती खोली?" मावशीने विचारलं. आतापर्यंत ती दारात उभी होती.

मी तिचं बोट धरून कागदावर ठेवलं. "हे तुझं स्वयंपाकघर. ही मागची भिंत. आणि ही..."

"आत चूल हाय?"

"ओटा आहे. मोरी आहे. वर धुराडं दाखवलंय, परसाकडे."

"आनि घरात दार नाय."

"नाही."

मावशी खाली बसली. आधी मला वाटलं तिला चक्कर आली. पण ती हसत होती, पदर तोंडाला लावून.

"वहिनी?" विलासकाका म्हणाले.

"तुमच्या भावाच्या गळ्यात माळ व्हती," मावशी म्हणाली. "माळ असलेल्या घरात मासळी शिजत नाय. लगीन झाल्यावर मी सगळ्यांना सांगितला, मी पन सोडली. तुमच्या आईला, तुमाला, ह्यांना."

"मग?"

"मग काय! मी खाडीवरची पोर हाय, विलासभावजी. माहेरी गेले की खायची."

विलासकाकांचं तोंड उघडंच राहिलं. "वीस-बावीस वरसं?"

"तुमाला ठावं नव्हता. ह्यांना ठावं व्हता. मी माहेरावरनं आले की मोरीवर लिंबाची फोड ठेवलेली असायची. हाताचा वास जायला." तिने स्वतःची बोटं नाकाजवळ नेली. "कधी बोललं नाय. मी पन विचारला नाय. नुसती फोड."

मग तिने कागदावरच्या त्या छोट्या चौकोनावर पुन्हा बोट ठेवलं. "ही चूक नाय. दार ठेवला असता तर घर बाटला असता. ह्यांनी माळ पन सांभाळली आनि मना पन."

शेवटी विलासकाका उठले. "वहिनी, हे खरं असंल. पण सुजीला तुमी कधी बोलला असाल, पोरीने ध्यानात ठेवून काढलं असंल. मी वाईट धरणार नाय." मावशीने मला कधीच सांगितलं नव्हतं. आईने सुद्धा नाही, नंतर कळलं, माहेरपणाला आली की माझी आईच तिला गुपचूप बोंबील करून घालायची आणि मला वाटायचं मावशी नुसती आमटी-भात खाऊन जाते. पण हे सिद्ध कसं करणार?

विलासकाका म्हणाले, उद्या मिस्त्रीला घेऊन जागेवर जाऊ, बघू.

आता त्या जागेबद्दल एक सांगायचं राहिलं. परसाच्या बाजूला गवतात सिमेंटच्या पाइपाचं एक तोंड जमिनीतून वर आलेलं होतं. आम्ही जागा बघायला गेलो तेव्हा माझा पाय त्याला अडखळला होता. सगळ्यांना वाटायचं की आधीच्या मालकाचं काहीतरी असेल. विलासकाका ते उखडून टाकणार होते.

मिस्त्रीने विहिरीपासून फीत धरली. मी बटर पेपरवरून मापं वाचत होते आणि ते दोघं खुंट्या ठोकून दोरी बांधत होते. ओटी झाली, देवघर झालं, स्वयंपाकघर झालं. शेवटी ती मागची छोटी खोली. मी मोरीचं माप वाचलं. मिस्त्री फीत घेऊन गवतात गेला आणि तिथेच थांबला.

"शेट," तो म्हणाला, "पाइप हितंच हाय."

पाइपाचं तोंड बरोबर मोरीच्या चौकोनात होतं. एका बाजूला नाही, मध्ये. काकांनी जागा घेतल्या घेतल्या, कोणाला न सांगता, सगळ्यात आधी ती मोरी धरून पाइप टाकून ठेवला होता. बाकीचं घर नंतर.

मी हे पण प्रामाणिकपणे लिहिते – पाइप मी आधी पाहिलेला होता. पण विहिरीपासून तो किती अंतरावर आहे हे मी मोजलं नव्हतं, आणि मोजायचं कारणही नव्हतं.

विलासकाका त्या पाइपापाशी उकिडवे बसले. त्यांनी आतली माती बोटाने उकरली, उगाचच. मग उठून मिस्त्रीच्या हातातलं चुन्याच्या फक्कीचं घमेलं घेतलं आणि स्वतः दोरीवरून पांढरी फक्की टाकत निघाले. पूर्ण घराला फेरी मारून आले. चाळीचा विषय तिथेच संपला. अक्षय तृतीयेला पहिली कुदळ त्यांनीच मारली.

फैयाजभाईंना मी सगळं सांगितलं. ते पुढच्या रविवारी खास रोह्याला आले. कार्ड काढलं, पुसलं, परत बसवलं, ड्रायव्हर काढून पुन्हा चढवून पाहिला. ते म्हणाले, "कार्डाच्या मेमरीत शेवटचं चित्र कधी कधी राहतं, मशीन नुसतं रीस्टार्ट केलं तर. पण वीज गेली की सगळं धुऊन जातं, लगेच. हे मशीन वर्षाच्या वर बंद होतं, सुजाता." मग डब्याचे स्क्रू पिळत म्हणाले, "तू खोटं बोलणाऱ्यांतली नायस. मग मी काय बोलू?" मावशीने त्यांना कैरीचं लोणचं बांधून दिलं.

त्या फाइलमध्ये चाललं तर कळवा असं होतं, म्हणून मी पेणच्या क्लासमधून त्या लोकांना इंग्रजीत ईमेल लिहिलं. माझं इंग्रजी जेमतेम. ड्रायव्हर चालला, आभारी आहे, आणि पहिल्या वेळी पडद्यावर काय आलं तेही लिहिलं. मला वाटलं हसतील. पण पुढच्या वेळी पेणला गेले तेव्हा उत्तर आलेलं होतं. त्यांनी माझ्या मशीनचे सगळे तपशील विचारले होते. मी दिले. मग दुसरं उत्तर आलं. त्यांनी शोधून काढलं होतं की त्या आवृत्तीत एक दोष आहे, त्यामुळे पहिल्यांदा सुरू करताना मशीन अडकू शकतं आणि चित्र एका बाजूला सरकू शकतं. तो त्यांनी दुरुस्त केला. अडकणं कळलं, सरकणं कळलं. पण चित्र कुठून आलं हे आम्हाला सांगता येत नाही, असं साधं, सरळ लिहिलं होतं. तुमच्या मावशींना शुभेच्छा, असंही होतं. आणि दुरुस्तीच्या खाली, जिथे दोष कळवणाऱ्यांची नावं असतात तिथे, त्या सगळ्या न वाचता येणाऱ्या नावांच्या शेवटी माझं नाव होतं. खाली रोहा.

नवा ड्रायव्हर आता मशीनवर आहे, छान चालतो. जुन्या फ्लॉपी मी टाकलेल्या नाहीत.

घराचा स्लॅब पडला, आता गिलावा चालू आहे. मागची खोली सगळ्यात आधी पूर्ण झाली, कारण मावशीने मिस्त्रीला दुसरं काही करूच दिलं नाही. परवा तिने तिथे पहिल्यांदा चूल पेटवली आणि सुकट केली. विलासकाका परसातल्या दारात उभे राहून म्हणाले, "घरात वास येत नाय गो वहिनी. जरा पन नाय." मग तिथेच दगडावर बसून दोन भाकऱ्या खाल्ल्या.

मावशीने मला विचारलं, "त्या लोकांना लिवलंस का, घर झाला म्हणून?"

"कोणत्या लोकांना?"

"तुझ्या डायवरवाल्या. त्यांना म्हणावं, या जेवायला."

मी लिहिलं आहे. अजून उत्तर यायचं आहे. त्या शुक्रवारी कार्डात काय होतं, कसं राहिलं आणि नेमकं त्याच वेळी का दिसलं, हे मला, फैयाजभाईंना आणि तो ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना कोणालाच माहीत नाही. मावशीला मी एकदा विचारलं, तुला काय वाटतं? ती हात धूत होती. मोरीवर लिंबाची फोड होती, तिनेच ठेवलेली. ती म्हणाली, "डबा तोच व्हता ना?"